वाम वाळूत आहे

नवरा घर सोडून गेला तेव्हा त्याने तीन शर्ट, दाढीचं सामान आणि घरातला एकुलता एक बरा स्क्रूड्रायव्हर नेला. मागे ठेवली ती बायको आणि वाम. निघताना दारात थांबून, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "तिची काळजी घे." बायकोला क्षणभर वाटलं, हा कुणाला तरी आपली काळजी घ्यायला सांगतोय. तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. नवऱ्याचं बोट वामेच्या टाकीकडे होतं.

बायको टेलर. समोरच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे, मापं घ्यायचा पडदा, आणि भिंतीला लागून माणूस आडवा मावेल एवढी काचेची टाकी. टाकीत बारीक वाळू, प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे आणि गोड्या पाण्यातली एक वाम. हातभर लांब, पाठीवर बारीक काटे, तोंड टोकदार आणि चेहऱ्यावर कायम न बोलावता पाहुणे आल्याचा भाव. पूर्वी टाकीत रंगीत मासेही होते. ते एकेक करून कमी होत गेले आणि वाम बोटाबोटाने वाढत गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायला नवऱ्याला वर्ष लागलं.

वामेचं नाव त्याने 'बाईसाहेब' ठेवलं होतं. बायकोला तो "अगं" म्हणायचा.

बाईसाहेब दिवसचे दिवस दर्शन देत नसत. वाळूत शिरून बसायच्या. घरी कुणी आलं की नवरा कौतुकाने वाळू दाखवायचा. "दिसत नाही म्हणजे नाही, असं समजायचं नाही," तो सांगायचा. "ती असते. वाळूत असते. धीर धरायचा." पाहुणे चहा संपेपर्यंत धीर धरत. वाळूत हात घालायचा नाही हा त्या घरातला पहिला नियम होता. तिचं अंग सोलवटतं, ती मनाला लावून घेते. दुसरा नियम कधी झालाच नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी फोन यायचा, "कुणीतरी अडकलंय गं." बायको ताट झाकून ठेवायची आणि जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला कान द्यायची. दोन वर्षं गावातले लोक लिफ्टमध्ये इतके अडकत होते की बायकोने स्वतः लिफ्ट वापरणं सोडलं. मग एक दिवस कळलं की अडकलेला माणूस नवराच होता, कोपऱ्यावरच्या चष्मेवालीकडे. तिचं दुकान खाली, घर दुकानाच्या मागे, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. बायकोला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. खोटंच बोलायचं तर माणसाने निदान लिफ्ट असलेली बाई बघावी.

"तिच्या घरी टाकीपुरती जागा झाली की नेतो," नवरा म्हणाला होता. "तोवर दर रविवारी दुपारी भेटायला येईन."

"मला?"

"बाईसाहेबांना."

थोरली बहीण ऐकून म्हणाली, "तळ."

"कुणाला?"

"सुरुवात वामेपासून कर."

बायकोने विचार केला नाही असं नाही. एका दुपारी तिने कढई काढून टाकीशेजारी ठेवून पाहिली, मापाला. पण एका जेवणात संपणारा सूड म्हणजे कापड महाग आणि शिलाई कच्ची. तिला हवं होतं ते वेगळंच. त्याने वाट बघावी. येणार नाही अशा जिवाची, तासन् तास, ताट झाकून. तिने बघितली तशी. पण लिफ्टमध्ये कधीच न अडकलेल्या माणसाला हे शिकवायचं कसं, ते काही तिला सुचेना.

वाट बाईसाहेबांनीच काढली. टाकीच्या झाकणाला फिल्टरच्या नळीसाठी भोक होतं, आणि तिथे नवरा स्पंज कोंबून ठेवायचा, कारण जिथून वामेचं तोंड जातं तिथून अख्खी वाम जाते. बायकोने शनिवारी नळी धुतली आणि स्पंज लावायला विसरली. रविवारी मशीनवर बसली तर पायडल ओलं, बुळबुळीत. खाली चिंध्यांच्या ढिगात बाईसाहेब होत्या. अंगाला लाल दोरा, अस्तराची पट्टी आणि ब्लाउजचा एक हूक चिकटलेला. आयुष्यात पहिल्यांदा नटल्या होत्या आणि बघायला कुणी नव्हतं.

बायकोने ओल्या फडक्यात उचलून त्यांना टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत सोडलं, दोरा सोडवला, हूक काढला. बादली न्हाणीघरात ठेवून वर पाट, पाटावर इस्त्री. बाईसाहेब जरा वेळ उताण्या पडून राहिल्या, मग नाराजीने सरळ झाल्या. तोच बेल वाजली.

नवरा आला तो थेट स्टूल ओढून टाकीसमोर बसला. बायको सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं.

"श्श," नवरा म्हणाला. "घाबरेल ती."

बायकोने तोंड मिटलं.

नवरा उन्हं उतरेपर्यंत वाळूकडे बघत बसला. मधूनच काचेला कपाळ टेकवायचा. बायको एका पॅंटची उंची कमी करत होती. इतक्या वर्षांत तो तिच्या खोलीत सलग एवढा वेळ कधी बसला नव्हता.

"आज मूड नाही तिचा," जाताना तो म्हणाला.

"हल्ली नसतोच," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आतल्या खोलीत कपाटामागे नवी टाकी मांडली. नवी वाळू, नवा पाइप, आणि भोकात स्पंज दुहेरी. पुढच्या रविवारी नवरा आला तेव्हा ती सहज म्हणाली, "थोडक्यात चुकलास. आत्ताच वर आली होती. माझ्या हातातून गांडूळ घेतलं."

नवऱ्याचा चेहरा असा झाला की बायकोचा टाका चुकला. त्याच्या हातातून बाईसाहेबांनी कधी काही घेतलं नव्हतं.

"हातातून?"

"बोट चाटल्यासारखं केलं."

तेव्हापासून नवरा लवकर यायला लागला. दिव्याला लाल कागद लावून बघितला, कारण लाल उजेड वामेला कळत नाही. गुणगुणून बघितलं. स्वतः गांडुळं आणून सोडली. ती वाळूत शिरली, आणि नवऱ्याने समाधानाने मान डोलावली: "खाल्लं." त्याची पाठ वळली की बायको ती चिमट्याने वेचून आतल्या खोलीत नेऊन द्यायची. चष्मेवालीने त्याचे डोळे तपासले, नंबर वाढवून दिला. मग पुन्हा वाढवून दिला. आता त्याला वाळूचा कण न् कण दिसत होता.

"कधी येते मग ती?" एकदा त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"तू गेलास की लगेच."

शेवटी चष्मेवालीच्या घरात जागा झाली. नवरा कामावरचे चार जोडीदार घेऊन आला. पाणी वीतभर ठेवलं, वाळू तशीच. "धक्का द्यायचा नाही," तो ओरडला. "ती आत आहे." चौघांनी वाळू उचलली. जन्मभर लिफ्टची कामं केलेले पाचजण जिन्याने घामाघूम होऊन उतरले, आणि आजारी माणसाच्या स्ट्रेचरबरोबर चालावं तसा नवरा काचेवर हात ठेवून चालत राहिला.

बायको दारात उभी होती. "तिची काळजी घे," ती म्हणाली.

नवऱ्याने डोळे पुसले.

आठवडा गेला आणि फोन आला. "अगं, आली. काल वर आली. माझ्या हातातून खाल्लं."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. 'कुणीतरी अडकलंय' म्हणायचा तोच हा आवाज. "केवढी झालीय?" तिने विचारलं.

"हातभर. जास्तच."

"आणि रंग?"

"उजळलाय."

तिने फोन ठेवला आणि ती संध्याकाळभर मशीनला हात लावू शकली नाही. तो खोटं बोलत होता की त्याला खरंच दिसली होती, कोण जाणे. पण आवाजात सुख होतं. आपण सूड घ्यावा आणि समोरच्याला तो मानवावा, याहून मोठी फजिती नाही. थोरली बहीण म्हणाली, "आता तरी तळ."

मग एका सकाळी चष्मेवालीच दारात आली. हातात एक स्कर्ट होता, पण तो कुठेही उसवलेला नव्हता. डोळ्यांखाली काळं.

"ताई, एक विचारू?"

"विचारा."

"ते कामावरून आले की टाकीसमोर बसतात. हाक मारली तरी उठत नाहीत. मी ताट झाकून ठेवते, ते तसंच राहतं. घरात मेलेल्या गांडुळांचा वास येतो. म्हणतात, रोज खाते ती." तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. "मी लोकांचे डोळे तपासते. मला तिथे काही दिसत नाही. खरं सांगा, आहे ना हो ती?"

बायकोने ताटाचं तेवढं नीट ऐकून घेतलं. तिने स्कर्ट हातात घेतला, उलटा केला, शिवण तपासली.

"दिसत नाही म्हणजे नाही, असं समजायचं नाही," ती म्हणाली. "असते. वाळूत असते. धीर धरायचा."

"किती?"

"मी दोन वर्षं धरला."

चष्मेवालीने खाली बघितलं. जायला वळली आणि थबकली. आतल्या खोलीतून पाण्याचा बुडबुड आवाज येत होता.

"आत काय आहे?"

"नळ गळतोय. स्क्रूड्रायव्हर तुमच्याकडे गेलाय."

"उद्या पाठवते," चष्मेवाली म्हणाली.

"सावकाश," बायको म्हणाली. "घाई नाही."