फक्त शाळेच्या दिवशी

"आपण किती वाजता पोचणार?" सासूबाईंनी कप्तानाला विचारलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"वारा ठरवेल," कप्तान म्हणाली. पन्नाशीची बाई होती, शब्द मोजून वापरणारी.

"ते झालंच हो. पण साधारण किती वाजता?"

सुनेनं डोळ्यांवर टोपी ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं. शिडाच्या बोटीवरचा आज पाचवा दिवस होता आणि तिच्या सहनशक्तीचा बहुधा शेवटचा.

खरं तर या सहलीत सासूबाई नव्हत्याच. सून जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या कार्यालयात नकाशे काढायची. आठ दिवस, चार बेटं आणि किनाऱ्यावरची तीन जुनी शहरं, असा बेत तिनं वर्षभर बसून आखला होता. बोटीवर दोघांची जागा घेतली होती, तिची आणि नवऱ्याची. निघायला चार दिवस उरले असताना नवरा तोंड पाडून घरी आला. ऑफिसात अचानक तपासणी लागली म्हणे, रजा रद्द. "आईला ने ना तू," तो म्हणाला, "ती बिचारी कुठे गेलीच नाही कधी." यावर काही बोलावं म्हणून सुनेनं तोंड उघडेपर्यंत त्यानं आईला फोन लावलासुद्धा होता.

सासूबाईंनी चौतीस वर्षं बस आगाराच्या चौकशी खिडकीत काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खिडकी काही त्यांच्यातून निघाली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी डोलकाठीपासून कठड्यापर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घातले. कप्तानानं ती न बोलता सोडली, त्यांनी न बोलता पुन्हा बांधली. तरंगण्याचं ते केशरी जॅकेट त्यांनी अंगावर चढवलं ते उतरवलंच नाही. जेवताना तेच, केस विंचरताना तेच. पहिल्या जुन्या शहरात सून तटबंदीवरून फिरून आली, तेव्हा बाई बस स्थानकात बसलेल्या सापडल्या. दोन तास तिथेच होत्या.

"इथे फलाटांना क्रमांकच नाहीत," त्या म्हणाल्या. "लोक काय करत असतील?"

"आई, आपण बस बघायला आलोय का?"

"मग काय बघू? भिंती? भिंती काय, उभ्याच असतात."

दुसऱ्या शहरातही तीच गत.

सगळी भिस्त आता तिसऱ्या शहरावर होती. तिथल्या जुन्या जकातघरात एक दुहेरी गोल जिना होता. एकात एक गुंफलेले दोन जिने. एकानं चढणाऱ्याला दुसऱ्यानं उतरणारा कुठेच दिसत नाही. सुनेनं फोटोंवरून त्याचा नकाशा तीनदा काढला होता आणि तिन्ही वेळा पायऱ्यांचा हिशेब चुकला होता. तो जिना डोळ्यांनी बघायचा, हाच खरा बेत. बेटं वगैरे नवऱ्याला पटावं म्हणून जोडलेली.

दुपारी बेटाच्या धक्क्याला बोट लावून कप्तान म्हणाली, "उद्या शहराकडे जाता येणार नाही. वारा समोरून आहे, बंदराच्या तोंडाशी लाट उसळते. परवाचंही सांगता येत नाही."

सुनेला वाटलं, समुद्रात उडी मारावी, पण तिथेही सासूबाई विचारतील, परत किती वाजता येणार.

सासूबाई मात्र जॅकेटसकट तरातरा धक्क्यावर गेल्या. पलीकडच्या फळ्यावर डकवलेलं वेळापत्रक वाचून परतल्या तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. "सकाळी सव्वासहाला मोठी फेरीबोट आहे, या वाऱ्यातही जाते. पलीकडच्या गावातून सात दहाची बस. पावणेदहाला शहर. परतीची बस साडेबाराची. चारला आपण इथे."

"नक्की?"

"चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

सून त्या रात्री इतकी खूश होती, की तिनं दोरीवरचे कपडे आपणहून घडी घालून ठेवले.

फेरीबोट वेळेवर सुटली. पलीकडच्या गावच्या थांब्यावर दोघी सातला हजर. सात दहा झाले, साडेसात झाले. समोरच्या घराची बाई पायरी धुवायला बाहेर आली. या दोघींकडे तिनं थोडा वेळ पाहिलं.

"बसची वाट बघताय? शाळांना सुट्टी लागली ना. आता ही बस महिन्यानंतर."

सासूबाई खांबावरच्या वेळापत्रकाशी गेल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला. सात दहाच्या शेजारी माशीएवढी चांदणी होती आणि खाली तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: फक्त शाळेच्या दिवशी.

सुनेचा बांध फुटला. "पाच दिवस मी गप्प बसले. दोरी बांधलीत, गप्प. कप्तानाचा जीव खाल्लात, गप्प. एकच गोष्ट मला हवी होती, आणि जी एक गोष्ट तुम्हाला येते तीच चुकलीत. मुळात आलातच कशाला? हौस होती तर एकट्यानं जायचं कुठेतरी."

सासूबाई बाकावर बसल्या.

"हौस?" मग त्या म्हणाल्या. "मला पोहता येत नाही. रोज सकाळी उठल्यावर मी आधी पायाखालची फळी चाचपते. पाच दिवसांत पोटात धड अन्न टिकलेलं नाही."

"मग कशाला..."

"चिरंजीवांनी पाय धरले म्हणून. त्याला बोट लागते. लहानपणी तळ्यातल्या होडीतसुद्धा ओकून ओकून अर्धा व्हायचा. तू वर्षभर नकाशे मांडून बसलेलीस, तुला सांगायची त्याची हिंमत होईना. म्हणाला, ती एकटी कशी जाईल, तू जा."

"पण ती तपासणी?"

"कसली डोंबलाची तपासणी. घरी लोळत असेल."

सुनेचा पाच दिवस जमवलेला राग एकदम बेवारस झाला होता. रोज संध्याकाळी तो फोनवर सुस्कारे टाकायचा, "काय सांगू, फायलींचा नुसता ढीग आहे," आणि ही वेडी त्याला धीर द्यायची, वेळेवर जेव म्हणून सांगायची. तीही सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसली.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतंत."

"मुलगा आहे माझा. आणि तू विचारलंस कुठे? तू टोपी ओढून झोपायचीस."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखी चीड आली.

पायरी धुणारी बाई हे सगळं निवांत ऐकत होती. ती म्हणाली, "आठला धुलाईवाल्याची गाडी शहरात जाते. थांबवू का?"

अशा रीतीनं दोघी हॉटेलांच्या धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर बसून शहरात निघाल्या. रस्ता सगळा वळणांचा. प्रत्येक वळणाला सासूबाई सुनेच्या अंगावर यायच्या आणि "सॉरी" म्हणायच्या. पंधराव्या सॉरीला सुनेनं त्यांचा दंड धरून ठेवला. गाडी चार ठिकाणी चादरी उतरवत गेली आणि जकातघर गाठायला साडेअकरा वाजले. परतीच्या बसला तासभर होता, त्यातली चाळीस मिनिटं रांगेत गेली.

जिन्याच्या तोंडाशी रखवालदारानं सासूबाईंना डावीकडे आणि सुनेला उजवीकडे पाठवलं. सून पायऱ्या मोजत चढली. सत्तेचाळीसपाशी तिच्या लक्षात आलं, की दर बारा पायऱ्यांनी पायरीची उंची किंचित कमी होत जाते. फोटोत हे कळणं शक्यच नव्हतं. तिनं भिंतीला टेकून वहीत भराभरा आकडे उतरवले. डोळे भरून आले, त्याचं तिलाच नवल वाटलं.

"तू दिसत नाहीस," भिंतीपलीकडून आवाज आला, "मी चढतेय ना नीट?"

"चढताय, आई. गुडघे दुखत असतील तर बसा."

"दुखतायत. पण खाली तो माणूस बसू नका म्हणाला."

वर गच्चीत दोघी भेटल्या तेव्हा नवऱ्याचा फोन आला. सुनेनं आवाज मोठा केला. "फार दमलोय गं," तो म्हणाला, "तपासणीवाले हलतच नाहीत. तुमची मजा चाललीय ना?"

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, इतक्यात नको.

"मस्त चाललीय," ती म्हणाली. "वेळेवर जेव हं."

साडेबाराची बस मिळाली. चांदणी नाही याची सासूबाईंनी तीनदा खात्री केली होती. तरी फेरीबोटीला उशीर झाला आणि चारऐवजी सव्वापाचला पोचल्या. कप्तान धक्क्यावर उभी होती. नांगर उचलताना तिनं साखळी जरा जास्तच आपटली.

उरलेले दोन दिवस वेगळे गेले. मोठ्या बेटाच्या बंदरात सासूबाईंनी जॅकेट काढून कप्तानाच्या हातात दिलं आणि जाहीर केलं, की आता पुढचं सगळं त्या बसनं आणि फेरीबोटीनं करणार, मुक्कामी भेटू. सुनेनं अडवलं नाही. बोटीवर ती पहिल्यांदाच सुकाणूपाशी बसली आणि कप्तानानं तिला वारा कुठून येतो ते गालावरून कसं ओळखायचं ते शिकवलं. संध्याकाळी धक्क्याला लागताना सासूबाई आधीच येऊन बसलेल्या असायच्या, दिवसभरातल्या बसचालकांच्या तक्रारी सांगायला.

शेवटच्या संध्याकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "घरी गेल्यावर त्याला काय सांगायचं ते ठरवलंस?"

"पुढच्या वर्षीचं ठरलंय म्हणून सांगणार. दोन आठवडे, तिघं, बोटीनं."

सासूबाई विचारात पडल्या. "मी बसनं येईन," त्या म्हणाल्या.