उन्हाची बाजू

भीमरावांनी खिळा दातांत धरला, पाटी खांबावर टेकवली आणि एक डोळा मिटून बाण सरळ आहे का ते पाहिलं. बाण पूर्वेकडे, मातीच्या उघड्या बांधाकडे रोखलेला होता. त्यावर निळ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : पाहुणे.

"वाकडा आहे," खालून त्यांची मुलगी आम्रपाली म्हणाली. तिनं शिडी धरली होती.

"बाण?"

"विचार."

"तू शिडी धर. विचार मी करतो," भीमराव म्हणाले आणि खिळा ठोकला.

तक्षशिला फुटबॉल क्लबला स्वतःचं मैदान सहा हंगामांनी परत मिळालं होतं. उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हा वसाहतीच्या या मैदानावर खडी, सळया आणि काँक्रीटचे अजस्र ठोकळे येऊन पडले. सहा महिन्यांत हलवू, असं सांगण्यात आलं होतं. ते सरकारी सहा महिने! तोवर घरच्या मॅचेस खेळायच्या कुठं, तर बोरमळ्याच्या काळभैरव संघाच्या मैदानावर. सोलापूर रस्त्यावरचं हे गाव कागदोपत्री कधीच पुण्यात आलेलं, पण तिथली माणसं अजून 'पुण्याला जाऊन येतो' असंच म्हणत. आणि काळभैरव म्हणजे तक्षशिलाचे लीगमधले जुने वैरी. बिऱ्हाड करायचं, आणि तेही वैऱ्याच्या ओसरीवर!

बोरमळ्याच्या मैदानाला पश्चिमेकडे चिंचांची रांग होती. मॅच दुपारी चारची. गावकरी चिंचांच्या सावलीत बसत. समोरची पूर्वेची बाजू उघडी, तिथं बसलं की सूर्य थेट डोळ्यांत. तक्षशिलाची माणसं सहाही हंगाम तिथंच बसली, कपाळावर आडवा हात धरून. मॅच यांच्या घरची असली तरी माइकवरचा माणूस सवयीनं म्हणायचा, "पाहुणा संघ तक्षशिला." चिंचेखाली या म्हणून संघाला कुणी बोलावलं नाही, आणि यांनीही कधी विचारलं नाही. का बोलावलं नाही हे भीमरावांना न सांगताच कळत होतं. जन्मभर ते त्यांना असंच न सांगता कळत आलं होतं. आम्रपालीचं म्हणणं वेगळं. तिला वाटायचं, ती माणसं आजोबा-पणजोबांपासून चिंचेखाली बसतात म्हणून बसतात, त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

"डोक्यात येत नाही, तीच तर भानगड असते," भीमराव म्हणत.

तिला इतरही काही आठवायचं. मॅच यांची असली तरी सकाळी उठून चुन्याच्या रेघा मारून ठेवणारी काळभैरवची पोरं. तक्षशिलाच्या राकेशच्या पायाला लागलं तेव्हा त्याला टेम्पोत घालून थेट हडपसरला नेणारा त्यांचा कॅप्टन साईनाथ. हे सगळं भीमरावांनाही आठवायचंच की. फक्त बोरमळ्याची गोष्ट सांगताना ते एवढंच नेमकं गाळायचे.

भीमराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आम्रपाली खराडीच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी क्लबची सेक्रेटरी असायची. मैदान परत मिळाल्यावर पश्चिमेला पत्र्याची शेड उभी करायचीच हा हट्ट भीमरावांचा. गोलच्या जाळ्या मागाहून आणू, आधी सावली, असं त्यांनी सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. का सांगितलं हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही.

चंपासाठी. भीमरावांची बायको. पदर डोक्यावर ओढून ती प्रत्येक मॅचला बोरमळ्याच्या उन्हात बसायची आणि कुणी ढिला पळाला की अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायची, "पायाला मेंदी लावलीय का रे!" एकदा ऊन लागून ती बसल्या जागी कलंडली. तेव्हा चिंचेखालून साईनाथची आई, मथुराबाई, मॅच चालू असताना मैदान ओलांडून धावत आल्या. पाणी पाजलं, तोंडावर शिंपडलं, आणि चंपाचा हात धरून म्हणाल्या, "चला ताई, सावलीला चला."

"नको," चंपा म्हणाली होती. "माझी माणसं इथं आहेत."

मथुराबाई परत गेल्या. पुढच्या मॅचला मात्र त्या काळी छत्री घेऊन मैदानाला वळसा घालून आल्या आणि चंपाशेजारी उन्हात बसल्या. मग दर मॅचला तसंच. या म्हणायच्या "राम राम", ती म्हणायची "जय भीम", आणि मग दोघी एकाच छत्रीखाली बसून एकमेकींच्या पोरांचा उद्धार करायच्या.

"आपलं मैदान मिळू दे," घरी परतताना चंपा म्हणायची. "सावलीत पाय पसरून बसणार मी. आणि चहा तुम्ही आणून द्यायचा."

मैदान मिळायच्या आदल्या वर्षी चंपा गेली.

आज परत मिळालेल्या मैदानावरची पहिली मॅच होती, आणि लीगच्या वेळापत्रकानं नेमकं काळभैरवलाच धाडलं होतं.

"मथुराबाई आल्या तर?" आम्रपालीनं विचारलं. "त्यांनाही उन्हात बसवणार?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"आईसमोर म्हणाला असतात हे?"

भीमराव शिडी उतरले. हातोडी पिशवीत टाकली. शेडच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, त्यांनी घरून आणलेली खुर्ची मांडली होती. जिच्यावर बसून चंपा भाजी निवडायची ती, लाकडी हातांची. जाता जाता त्यांनी तिच्यावरची धूळ रुमालानं पुसली.

"आज तक्षशिला सावलीत बसणार," ते म्हणाले. "तिनं सांगून ठेवलंय. बास."

साडेतीनला वसाहतीतली माणसं यायला लागली. ताशा आला, निळे झेंडे आले, खाऊच्या पिशव्या घेऊन बाया आल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं की प्रत्येक जण थोडा थांबायचा. नव्या रेघा बघायचा, गोलच्या ताज्या रंगावरून बोट फिरवून बघायचा. भीमराव शेडच्या पायरीवर यजमानासारखे उभे होते. माणसं बोलत, हसत निघाली आणि सरळ पूर्वेच्या बांधावर जाऊन बसली. सतरंज्या अंथरल्या. कपाळावर हात गेले. शेजारच्या दुर्गाबाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

भीमराव पळतच तिकडं गेले.

"अहो दुर्गाबाई! इथं कुठं? ही पाहुण्यांची बाजू!"

दुर्गाबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं. समोरची रिकामी शेड पाहिली.

"अगं बाई, खरंच की!"

सगळा बांध हसला. उठलं मात्र कुणी नाही.

"उठा ना मग."

"आता बसलो हो, भीमराव. आणि इथनं राकेश डावीकडून पळतो ते बरोबर समोर येतं. तिकडून सगळं उलटं दिसायचं."

"सहा वर्षं या उन्हाला शिव्या घातल्यात तुम्ही!"

"घातल्या ना. आता इथंच बरं वाटतं, त्याला काय करायचं?"

भीमरावांच्या तोंडाशी आलं होतं बरंच. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो वाजले आणि बोरमळ्याची माणसं उतरली. डोक्याला टॉवेल, टोप्या, चार-दोन छत्र्या. सगळ्यांच्या मागून, एक गुडघा जपत, मथुराबाई. काळी छत्री काखेत.

"राम राम, दादा."

"जय भीम," भीमराव म्हणाले.

मथुराबाईंनी वर पाटीकडं बघितलं, मग बाणाच्या दिशेनं. "ऊन आता आमच्या वाट्याला, व्हय? ठाव हुतं आमाला. टोप्या घिऊनच आल्यात समदी." आणि चालायला लागल्या.

बोलण्यात टोमणा नव्हता. भीमरावांनी गेले काही दिवस मनातल्या मनात एक भांडण घोळवलं होतं. समोरचा काय म्हणेल, मग आपण काय सुनावू, सगळं तयार होतं. आणि ही बाई नुसती टोपीचं सांगून गेली! बांधावर दुर्गाबाई सरकल्या, सतरंजीचं टोक मोकळं केलं. बघता बघता निळे झेंडे आणि भगव्या टोप्या एकमेकांत मिसळून गेल्या.

भीमराव शेडमध्ये येऊन बसले. एकटे. शेजारी चंपाची खुर्ची.

मॅच सुरू झाली. राकेशनं सुरुवातीलाच एक सोपा चेंडू बाहेर घालवला आणि समोरून एकच आरडाओरडा झाला. भीमरावांनीही तोंड उघडलं होतं, पण रिकाम्या पत्र्याखाली एकट्यानं ओरडायचं म्हणजे कसंसंच. त्यांनी तोंड मिटलं. समोरची माणसं कशाला तरी हसत होती. काय झालं ते इथून कळत नव्हतं. सावलीतून बघितलं की उन्हातली माणसं किती लांबची वाटतात, हे त्यांना आज पहिल्यांदा समजलं.

आम्रपाली चहा घेऊन आली.

"कशी आहे सावली?"

"गार."

"चहा पण होईल. घ्या लवकर."

त्यांनी कप घेतला. तिनं खुर्चीकडं एकदा पाहिलं आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. भीमरावांना चहा गोड लागेना. आज चंपाला चहा आणून द्यायचा होता, आणि चहा पीत बसले होते ते स्वतःच.

मध्यंतराची शिट्टी झाली तशी ते उठले. कडेनं गेले नाहीत. चपला नव्या गवतावर ठेवत मैदानाच्या मधोमध चालत निघाले. खेळाडू पाणी पिता पिता बघायला लागले. बांधावरची बडबड कमी कमी होत थांबली. आता हा माणूस सगळ्यांना हाकलणार, असंच आम्रपालीला वाटलं.

ते मथुराबाईंच्या समोर उभे राहिले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं.

"मथुराबाई, चला," ते म्हणाले. "सावलीत चला. चंपाची खुर्ची मांडलीय तिथं."

मथुराबाईंनी छत्री जरा वर केली. शेडकडं पाहिलं, मग आजूबाजूला बसलेल्यांकडं. साईनाथचा लहान पोरगा दुर्गाबाईंच्या मांडीवर चिवडा खात होता.

"नगं दादा," त्या म्हणाल्या. "माझी मान्सं हितं हायेत."

बोलून झाल्यावर त्यांनी भीमरावांच्या तोंडाकडं बघितलं. म्हणजे त्यांना आठवत होतं.

 भीमराव वळले आणि आल्या वाटेनं परत गेले.

"झालं," आम्रपाली पुटपुटली. घरी आज जेवणाच्या ताटावर काय वाढून ठेवलंय ते तिला दिसायला लागलं.

शेडमध्ये भीमराव वाकले. सरळ झाले तेव्हा खुर्ची त्यांच्या डोक्यावर होती. दोन्ही हातांनी पाय धरून ते पुन्हा मैदानात शिरले. पंच शिट्टी तोंडाशी धरून थांबले. बांधावर येऊन त्यांनी खुर्ची ठेवली, हलवून पाहिली. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली खडा सारला.

"बसा. गुडघ्याला बरं."

मथुराबाई बसल्या. भीमराव त्यांच्या पायाशी मातीत मांडी घालून बसले. सूर्य थेट डोळ्यांत आला आणि हात आपोआप कपाळावर गेला. थोड्या वेळानं डोक्यावर सावली पडली. मथुराबाईंनी छत्री कलती केली होती.

उत्तरार्ध सुरू झाला. राकेशला डावीकडून मोकळी वाट मिळाली. दुर्गाबाई म्हणाल्या होत्या तसं, इथून सगळं बरोबर समोर येत होतं. पण तो उगाच थांबला, मागं बघत बसला, आणि साईनाथनं चेंडू अलगद काढून नेला.

"पायाला मेंदी लावलीया का रंऽऽ!" मथुराबाई ओरडल्या.

भीमराव दचकले. वर पाहिलं.

"अहो बाई, तो आमचा आहे. तुमच्या पोरानं तर चेंडू घेतला."

"ठाव हाय मला." मथुराबाईंची नजर मैदानावरच होती. "चंपाताई आसती तर वरडली आसती त्याला. आज कोन वरडनार?"

भीमरावांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला, परत काढला. मग छत्रीखालून बाहेर सरकून उभे राहिले, कपाळावर आडवा हात धरला आणि पोटातून, सगळा जीव गोळा करून ओरडले,

"राकेश! पायाला मेंदी लावलीय का रे!"

राकेश पळता पळता थबकला. बांधाकडं मान वळवून बघायला लागला.

"आरं, हिकडं काय बगतुस?" खुर्चीतून आवाज आला. "पळ की!"

आणि तो पळाला.