आगीत नाक खुपसणारा मीटर

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे आणि कोणाची माफी मागायला आलेलो नाही. मला काढून फेका, असं आजवर पुष्कळांनी सांगितलं. ते सगळे आले तसे गेले. मी त्याच ट्रकमध्ये, स्टिअरिंगच्या बाजूला, अजून बसलो आहे.

डिझेल जळलं की इंजिनातून धूर निघतो. तो किती तापला आहे हे दाखवणं माझं काम. माझं तोंड ड्रायव्हरसमोर असतं. त्यात गोल काच, पांढरा काटा, आणि सातशे अंशांच्या पुढे लाल पट्टा. माझं नाक मात्र लांब, इंजिनापाशी. ती एक बोटाएवढी सळई आहे आणि तिच्या टोकाशी दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आहेत. टोक तापलं की तारांमध्ये किंचित वीज उठते आणि तेवढ्यावर माझा काटा हलतो. माझ्या शेजारी इंजिनातल्या पाण्याचा ताप दाखवणारा मीटर बसतो. तो स्वभावाने गरीब आहे, पण घर जळून गेल्यावर बोंब मारणाऱ्यांपैकी.

कारखान्यात एका बाईने माझं टोक भट्टीत धरून काटा जुळवला होता. शेजारणीला ती म्हणाली, "हा जरा हट्टी दिसतोय, पण सांगतो बरोबर." जन्मल्याबरोबर मिळालेलं ते प्रमाणपत्र मी आजवर जपलं आहे.

मी ज्या ट्रकवर आलो तो दोघांचा होता. चालवणारे काका, आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. माल मिळवणं हे या मेहुण्याचं काम. आधीच्या वर्षी भरलेली गाडी चढावर दामटली आणि इंजिनातला पिस्टन मेणासारखा वितळला. दोन घरांच्या चुली त्या एका इंजिनावर पेटत होत्या. सहा महिने काकांनी दुसऱ्याची गाडी चालवली आणि दुसऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. नवं इंजिन बसलं तेव्हा गॅरेजवाल्या ताईंनी बजावलं, "काका, हेही गेलं तर तिसरं बसवायची ताकद तुमच्यात उरणार नाही. धुराचा मीटर लावल्याशिवाय मी गाडी बाहेर सोडत नाही."

सगळ्या सिलिंडरांचा धूर ज्या ओतीव लोखंडाच्या नळकांड्यात एकत्र येतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या पुढे धुराच्या जोरावर टर्बोचं चक्र फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. ताईंनी मॅनिफोल्डलाच भोक पाडलं, टर्बोच्या अलीकडे. ड्रिलला ग्रीस फासायचं, चार वेढे फिरवायचे, थांबायचं, ग्रीसला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसायचा, पुन्हा ग्रीस. मग भोकाला आटे पाडले, चुंबक फिरवून पाहिलं, आणि माझी सळई पिळून घट्ट बसवली.

मेहुणा बाकावर बसून कंटाळला. "ताई, एवढ्याशा भोकाला सकाळपासून बसलात. सुईत दोरा ओवताय का?"

"एक कीस आत राहिला तर टर्बोची पाती मोडतील. मग तुम्हीच बसा ओवत," ताई मान वर न करता म्हणाल्या.

पहिले काही महिने माझा मान मोठा होता. चढावर मी साडेसहाशेच्या पुढे सरकलो की काका पाय सैल करत, खालचा गिअर टाकत. मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच इंजिन बंद करत नसत. माझा काटा दोनशेवर उतरेपर्यंत गाडी उभ्यानेच चालू ठेवत, म्हणजे टर्बो निवांत थंड होई. लोक हसत. काका म्हणत, "धावून आलेल्या माणसाला आपण लगेच झोपवतो का?"

मेहुण्याला हे सोसेना. इतरांच्या गाड्या पुढे जात आणि आपली मुंगीच्या पावलाने येई. त्याच्या मते दोष माझा. काकांचा पाय मुरगळला आणि ते आठ दिवस घरी बसले, तेव्हा त्याने गाडी दुसऱ्या एका फिटरकडे नेली. त्या गृहस्थाने माझी सळई काढली, जुन्या भोकात बोल्ट ठोसला आणि मला टर्बोच्या पलीकडे, मागच्या पाइपात नेऊन बसवलं. टर्बो फिरवता फिरवता धुराचा पुष्कळ ताप खर्च होतो. पलीकडे येतो तो उरलेला.

"भाऊजी, मीटर दुरुस्त करून आणला," मेहुण्याने सांगितलं. "आता खोटी भीती नाही."

काकांनी विश्वास ठेवला. पाय दाबून चढ चढले आणि मी साडेपाचशेवर राहिलो. मित्रांनो, माझं सर्वांत जास्त कौतुक त्या दिवसांत झालं. मेहुण्याने माझी काच फडक्याने पुसली. पण मी तेव्हाही खोटं बोललो नव्हतो, हे लिहून ठेवा. मला जिथे उभं केलं तिथला ताप मी अचूक सांगत होतो. आग दुसऱ्या खोलीत होती.

काकांच्या हाताखालून अनेक इंजिनं गेली होती. पूर्वी पाय दाबला की मी लगेच हले, आता रेंगाळत होतो, हे त्यांना खटकलं. एका संध्याकाळी चढ संपताच त्यांनी गाडी कडेला घेतली आणि केबिन उचलून आत पाहिलं. सावलीत मॅनिफोल्ड निखाऱ्यासारखं मंद लाल दिसत होतं. त्याच्या अंगावर एक नवा बोल्ट होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो बोल्ट पाहिला आणि मेहुण्याला विचारलं, "घरी कोणाला ताप आला की थर्मामीटर तोंडात ठेवता की उशीखाली?"

"सगळेच फिटर तिकडे बसवतात."

"बसवू देत. पण मग तिथला लाल पट्टाही वेगळा धरावा लागतो. तुम्ही पट्टा इकडचा ठेवलात आणि नाक तिकडे नेलंत."

ताईंनी मला माझ्या जागी परत आणलं. त्याच आठवड्यात फरशांचा भारी माल मिळाला. कारखान्याचं फाटक चारला बंद होणार होतं. मेहुणा शेजारी बसला. चढ लागला, मी चढू लागलो. सहाशे. साडेसहाशे. काकांनी दुसरा गिअर टाकला.

"भाऊजी, सायकलवाला पुढे गेला."

"जाऊ दे. त्याच्या मागे फरशा नाहीत."

"फाटक बंद झालं तर उद्यापासून हा माल दुसऱ्याला जाईल."

"इंजिन गेलं तर उद्यापासून मी दुसऱ्याकडे जाईन."

मेहुण्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या तोंडावर टाकला. "आता चालवा. बघणारही नाही आणि घाबरणारही नाही."

टॉवेलखाली मी सहाशे नव्वदवर होतो. मला बघणारा कोणी नव्हता, तरी माझा काटा एक अंशही खाली आला नाही. काकांनी गाडी कडेला घेऊन ब्रेक ओढला. आवाज न चढवता म्हणाले, "टॉवेल काढ, नाही तर टॉवेल घेऊन खाली उतर."

मेहुणा टॉवेल ओढून घेऊन तोऱ्यात उतरला. काकांनी आता पहिला गिअर टाकला. आम्ही गोगलगायीसारखे निघालो, तरी चालणाऱ्या माणसापेक्षा थोडे पुढेच. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. मी साडेसहाशेवर थांबलो आणि काका माझ्याकडे बघत राहिले.

माथ्यावर गाडी उभी राहिली, इंजिन चालूच. बऱ्याच वेळाने मेहुणा घाम पुसत आला. बुटात खडा गेला होता. "थांबलात म्हणायचे माझ्यासाठी," तो पुटपुटला.

"तुझ्यासाठी नाही. हा दोनशेवर यायचा होता." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आत्ता आला. बस."

आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. माल सकाळी उतरला आणि पुढच्या खेपा खरोखरच दुसऱ्याला गेल्या. काकांनी मान हलवली आणि दुसरा माल शोधायला मेहुण्याला पाठवलं. तोही मिळाला. इंजिन होतं म्हणून मिळाला.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. ते इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. लोक काकांच्या हाताला नावाजतात, ताईंच्या कामाला नावाजतात. माझं नाव कोणी घेत नाही आणि मी वाटही पाहत नाही. काच पिवळी पडली, आकडे पुसट झाले. हल्ली मेहुणा स्वतः गाडी चालवतो. चढावर मी लालच्या जवळ गेलो की तो मला अजूनही शिवी देतो, आणि पाय सैल करतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणीतरी असेल, नको तेव्हा नको ते सांगणारं. त्याची काच पुसा. त्याच्या तारा उंदरांपासून सांभाळा. पण ऐकवत नाही म्हणून त्याला आगीपासून दूर नेऊन बसवू नका. मला जळण्याची भीती नाही. मी त्या आगीत नाक खुपसायलाच जन्मलो आहे.