धोंडूबाईच्या दोरीची चाळिसावी गाठ

मी धोंडूबाईच्या खुंटीवरची दोरी बोलतेय. लांबी चार हात, रंग मातीचा, वास चुलीच्या धुराचा. धसईहून तासभर आत चाललं की तिचं कुडाचं घर लागतं. तिथंच माझं सगळं आयुष्य गेलं.

धोंडूबाईच्या सासूनं अंबाडीचा वाख मांडीवर वळून मला केलं. सासू सुईण, तिच्या हाताखाली सूनही सुईण झाली. अक्षर दोघींना नव्हतं. म्हणून बाळ जन्मलं की माझ्यावर एक गाठ. मुलीची साधी, मुलाची दुहेरी. जे बाळ न रडताच गेलं, त्याच्यासाठी पांढऱ्या सुताचा एक पदर. नियम दोनच होते. नाळ कापून हात धुतल्याशिवाय मला शिवायचं नाही, आणि मी हातात असताना खोटं बोलायचं नाही.

एकदा उंदरानं माझ्या शेवटच्या दोन गाठी खाल्ल्या. धोंडूबाईनं उंदराला यथेच्छ शिव्या दिल्या आणि दोन्ही पुन्हा मारल्या. हा लखमा, ही चिमी. तिच्या डोक्यातलं उंदराला कुठं खाता येतंय?

पुढं दारात दवाखान्याची गाडी यायला लागली. बाया मुरबाडला बाळंत व्हायला लागल्या. बरंच झालं, असं धोंडूबाईच म्हणायची. मी मात्र खुंटीला लटकून राहिले आणि माझ्यावर लसणाच्या जुड्या लटकू लागल्या.

माझी आठवण झाली ती वाडीतल्या कोंडूमुळं. त्याचं सरकारी दाखल्याचं काम जन्मतारखेवाचून अडलं. असे कितीतरी होते. तेव्हा एका संस्थेनं सुईणींकडून जुने जन्म लिहून घ्यायचं ठरवलं, आणि टॅबलेट घेऊन आली ती वाडीतल्याच सकुबाईची लेक वैष्णवी, माझ्याच चाळिसाव्या गाठीची पोर.

त्या गाठीचं आधी सांगते. बावीस वर्षांमागं, भाताच्या आवणीच्या दिवसांत, सकुबाईला मुलगा झाला, तो न रडताच गेला. सकू शुद्धीवर नव्हती. त्याच दिवशी दुसऱ्या एका वाडीत एका कुवार पोरीला मुलगी झाली. धोंडूबाईनं ती ओटीत घालून आणली आणि सकूच्या कुशीत ठेवली. शुद्धीवर आल्यावर सकूला सांगितलं. दोन्ही घरांना ठाऊक, तिसऱ्याला नाही. माझ्यावर तिनं एकच गाठ मारली, मुलीची साधी, आणि त्या गाठीच्या पोटात पांढरा पदर दडवला. त्या दुसऱ्या पोरीचं नाव मी घेणार नाही. ती आज कुणाची तरी सासू व्हायला आलीय.

तीन दिवस वैष्णवी एकेक गाठ विचारत गेली आणि धोंडूबाई सांगत गेली. ऊन किती होतं, पाणी कुणी तापवलं, कुणाची आई कुठल्या दुखण्यानं गेली, सगळं. टॅबलेट ऐकत होता. गावात रेंज नाही, म्हणून शनिवारी धसईला जाऊन सगळं एकदम चढवायचं ठरलं होतं.

चाळिसाव्या गाठीशी वैष्णवी हसली. "आता माझी."

धोंडूबाईचं बोट थांबलं. खोटं बोलायची सोय नव्हती. तिनं उलट विचारलं, "चढवतेस म्हंजे कुठं गो?"

वैष्णवीनं हौसेनं सांगितलं. त्याला ब्लॉकचेन म्हणतात. डब्याला डबा साखळीनं जोडलेला, हजार यंत्रांवर त्याच्या नकला. कुणी मधला डबा बदलला की पुढचे सगळे बोंब मारतात. उंदीर खात नाही, पाणी भिजवत नाही.

"आनि पुसायचं झालं तं?"

"पुसता येत नाय आजी. तीच तर गंमत हाय."

"कोन बी वाचंल?"

"वाचू शकतील."

"मंग माझी दोरी शहाणी. कुनाच्या हाती लागली तरी नुसत्या गाठी दिसतात. तुज्या साखळीत गाठ जाऊ दे पोरी. गोष्ट नको."

वैष्णवी बराच वेळ मला बोटांत फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी ती मुरबाडला संस्थेची यंत्रं सांभाळणाऱ्या स्वरूपकडं गेली. स्वरूपनं कबूल केलं, की सगळं साखळीतच भरणं सोपं म्हणून तसं ठेवलं होतं. दुसरी रीत होती. साखळीत नोंदीचा नुसता ठसा ठेवायचा, नोंद बाहेर. नोंदीत कुणी ढवळाढवळ केली तर ठसा जुळत नाही, पण ठशावरून नोंद वाचता येत नाही. भाकरीवरून शेत ओळखता येत नाही, तसं. उद्या कुणी म्हणालं माझी नोंद जाळा, तर जाळावी. ठसा राहील, पण मुका.

आल्यावर तिनं धोंडूबाईसमोर टॅबलेटमधलं बोलणं पुसलं. ज्यांना दाखला हवा त्यांच्या नोंदी त्यांना विचारून, धोंडूबाईकडून पुन्हा ऐकून कागदावर उतरवल्या आणि पत्र्याच्या पेटीत ठेवल्या; साखळीत गेले ते नुसते ठसे. मग म्हणाली, "आता सांग. माझ्या गाठीत दुसरा पदर लागतोय हाताला."

"सांगीन. पन सकूला घेऊन ये. ती गोष्ट तिची बी हाय."

सकुबाई आली. टॅबलेट अंगणात बाजेवर राहिला. धोंडूबाईनं मला हातात घेतलं आणि वैष्णवीच्या कानाशी लागून सांगितलं, नावासकट. वैष्णवी रडली नाही. उठून सकूच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि सकूच्या जिवात जीव आला.

मग धोंडूबाईनं सकूचं बोट धरून माझ्या चाळिसाव्या गाठीत घातलं. आत, वाखाच्या पिळाखाली, पांढऱ्या सुताशी.

"ह्यो कोन?"

"तुजाच. त्या दिवशीचा."

त्या बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. कुठल्या कागदावर नव्हतं, कुठल्या साखळीत जाणार नव्हतं. सकूला इतकी वर्षं वाटत होतं की तो कुठंच नाही.

"हितं व्हता व्हय," ती म्हणाली.

आता मी पेटीत असते, नोंदींच्या उशाला. लसूण दुसऱ्या खुंटीवर गेला. सकुबाई अधूनमधून येते, मला मांडीवर घेते, काही विचारत नाही. तुम्हीही या. माझ्या गाठी खुशाल मोजा. पण कुणाची कुठली म्हणून विचारायचं असेल, तर मला नको. ज्याची आहे त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर चहा घ्या आणि घरी जा.