सात नंबरचा गारवा

हॉटेल गोदासावलीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. छावणीतून आणि दौलताबादेतून हॉटेलवाले आले होते, मालक नानासाहेबांचे पाहुणे गंगापूरहून जीप भरून आले होते. सगळ्यांचे डोळे सात नंबरच्या बंद दारावर लागले होते. आत ऊर्जागुरू शिवराजजी महाराज एसीचा आत्मा शांत करत होते!

जून संपत आला होता. ढग रोज हजेरी लावून न बरसताच निघून जात होते, आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. गॅलरीत बसवलेलं सात नंबरच्या एसीचं बाहेरचं धूड नेहमीसारखंच पिठाच्या गिरणीगत घरघरत होतं. तेवढ्यात आतून घंटी वाजली आणि घरघर एकदम थांबली.

"थांबली!" नानासाहेबांचे चुलतभाऊ कारभारी ओरडले. "आन् ते मीटर बघा की!"

दाराशेजारच्या छोट्या मीटरवर मघाशी दीड हजार वॉटचा आकडा होता. तो पन्नासावर आला होता. लोकांनी जागेवरूनच हात जोडले.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. आत आठच माणसांना प्रवेश होता, कारण जास्त माणसं झाली की म्हणे लहरी विस्कटतात. ती आठ माणसं बाहेर आली ती शाल पांघरल्यासारखी आखडून. एकाचे दात वाजत होते, दुसऱ्याला हिमालय आठवला. जन्मात जालन्यापलीकडं न गेलेल्या माणसाला हिमालय कसा आठवतो, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

महाराजांनी पांढऱ्याशुभ्र कुडत्याची बाही सारखी केली. "यंत्र वाईट नसतं. यंत्र अशांत असतं. आमचं हे तांब्याचं शीतलचक्र एसीच्या कपाळावर चिकटवलं, की क्वांटम शीतलहरी थेट ब्रह्मांडातून खोलीत उतरतात. आवाज नाही, वीज नाही!"

"आन् हिवाळ्यात गरम पाहिजे असंल तर?" कारभारींनी विचारलं.

"चक्र उलटं फिरवायचं," महाराज शांतपणे म्हणाले. "चला, आता खाली वाळ्याचं सरबत. गारव्याचा प्रसाद नाकारू नये."

गर्दी खाली निघाली. जाताना नानासाहेबांनी जाहीर करून टाकलं, "उद्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खोल्यांत चक्रं बसवू! आन् बासित, तू पहिल्या तारखेपासून येऊ नको. शांत झालेल्या यंत्राला मेकॅनिक कशाला?"

जिन्याशी उभ्या असलेल्या बासितनं मान खाली घातली. त्याच्या हातात वहीचे चार कागद होते. बाहेरच्या यंत्रांखाली रबराचे गट्टू, गच्चीला पांढरा रंग, खिडक्यांना जाड पडदे आणि हळूहळू कमी आवाजाच्या, कमी विजेच्या नव्या इन्व्हर्टर मशिनी, असं सगळं त्यानं खोलीनिहाय लिहिलं होतं. महिनाभर तो ते कागद मालकांना दाखवत होता आणि मालक ते बघत नव्हते.

बघणार कसे? ही जुनी धुडं नानासाहेबांनी एका बंद पडलेल्या हॉटेलातून स्वतः निवडून आणली होती आणि साऱ्या गंगापूरला ऐकवलं होतं की व्यवहार करावा तर आपण. हॉटेलात उतरलेले पाहुणे सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी घरघरीची तक्रार करायचे. बासित म्हणे, यंत्रं बदला. महाराज म्हणाले, यंत्रं उत्तम आहेत. माणूस कुणाचं ऐकेल?

हे सगळं दगडाबाईनं हातात झाडू धरून ऐकलं. खोल्यांची साफसफाई ती करायची. बाई भाविक, महाराजांच्या पाया पडायला सकाळी तिचाच पहिला नंबर होता. पण बासितला काढलं हे ऐकून तिचा झाडू थांबला. त्याच्या बायकोचे, सगीराचे, दिवस भरत आले होते. असल्या वेळी पोर कुठं काम शोधणार?

जड पावलांनी ती मागच्या अंगणात गेली. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या या शहरात दगडाबाई एसीचं पाणीही वाया घालवत नसे. बासितनं तिच्यासाठी सगळ्या एसींचे पाईप खाली आणून दिले होते. प्रत्येकाखाली एक बादली, आणि त्यावर तिची सगळी फरशी निघायची. असल्या दमट हवेत सात नंबरची बादली दुपारपर्यंत काठोकाठ भरायची.

आज ती अर्धीच होती आणि पाईप कोरडाठाक होता. शेजारच्या आठ नंबरचं पाणी मात्र टपटप चालू होतं.

तिनं बासितला हाक मारली. "खोली गार हाय म्हणतेत, मग पाणी का थांबलं रं?"

बासितनं पाईपला बोट लावून बघितलं आणि तो मोठ्यांदा हसला. "मावशी, एसीची आतली जाळी गार पडती, तवा हवेतलं पानी तिच्यावर जमतं. गार पान्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. पानी थांबलं म्हंजे गार करनंच बंद. नुसता पंखा चालू हाय!"

"मग आत गारवा कशाचा?"

"सकाळपास्नं सोळावर लावून ठेवला होता की. खोली घडीभर गार राहनारच. पन मी बोललो तर मालक म्हनतील, नोकरी गेली म्हनून बोलतो."

दगडाबाईनं पदर खोचला. बोलावं तर स्वतःचीही नोकरी जायची. बोलू नये तर ह्या पोराचा घास जात होता. "घडीभर म्हंजे किती?" तिनं विचारलं.

"आठ मानसं आत बसली तर? अर्धा तास लई झाला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांत चक्रं बसवण्याआधी चमत्कार बघायला पुन्हा गर्दी जमली, पुन्हा आठजण आत गेले; त्यांत नानासाहेब आणि कारभारीही होते. महाराजांचा शिष्य मोतीराम यानं घंटी किणकिणवली, चक्र चिकटलं, घरघर थांबली. पंधरा मिनिटांनी महाराज उठले. "चला, सरबत घेऊ."

दार उघडलं तर समोर दगडाबाई! हातात सरबताचा भलामोठा ट्रे. ती सरळ आत आली आणि तिनं पाठीनं दार लोटलं.

"खाली कशाला जाता महाराज? ब्रह्मांडातला गारवा सोडून? हितंच बसून प्या."

नानासाहेबांना हे फार आवडलं. "व्हय व्हय, बसा महाराज!"

महाराज बसले. सरबत संपलं. विसाव्या मिनिटाला कारभारींनी गळ्याचं बटण काढलं. पंचविसाव्या मिनिटाला नानासाहेबांनी टोपीनं वारा घ्यायला सुरुवात केली. महाराजांच्या कपाळावरचं गंध भुवईपर्यंत ओघळलं.

"कुणाच्या तरी मनात शंका आहे," ते म्हणाले. "शंकेची उष्णता फार."

"शंका माझ्या मनात हाय," दगडाबाई म्हणाली. तिनं दाराला लावलेली पाठ हलवली नाही. "मालक, माझ्या बादलीत पाणी येईना. जरा ते चक्र काढून बघता का?"

"हात लावू नका!" महाराज ओरडले, पण कारभारी खुर्चीवर चढलेच. चक्र निघालं. त्याच्याखाली एसीचा दिवा आणि आकडे झाकलेले होते. तिथं आता पंख्याचं चिन्ह चमकत होतं.

दाराबाहेरून बासितला आत बोलावलं. त्यानं मोतीरामपुढं हात पसरला. मोतीरामनं निमूटपणे झोळीतून रिमोट काढून दिला. बासितनं बटण दाबलं. पीं असा आवाज झाला आणि बाहेरचं धूड पुन्हा घरघरू लागलं.

"हा पीं ऐकू येऊ नये म्हनून घंटी," बासित म्हणाला. "रिमोटनं नुसता पंखा लावला, की बाहेरचं यंत्र बंद. मग आवाज कुठला आन् वीज तरी कुठली? तुमच्या अंगाच्या गरमीनं खोली तापायच्या आत सरबताला न्यायचं. बस, एवढाच चमत्कार!"

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला कारभारी स्वतः गेले. पोलीस येईपर्यंत महाराजांना सात नंबरमध्येच बसवून ठेवलं होतं. एसी बंद करून.

नानासाहेब गॅलरीत एकटेच उभे होते. लाजेनं त्यांना बासितकडं बघवत नव्हतं. "त्यानं माझ्या यंत्रांना चांगलं म्हणलं," ते हळूच म्हणाले, "म्हणून मला तो खरा वाटला रं. तू राहा. आन् आण ते कागद. पर तुझी ती मशीन तरी शांत, कमी विजेची, कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका मालक," बासित म्हणाला. "एकाच खोलीत बसवू. बारा ते चार तुमी सोता आत बसा, दर तासाला मीटर लिहा. आवाज कानानं ऐका. बाहेरच्या यंत्रापुढं हात धरा, खोलीतली गरमी तिथून निघताना हाताला कळंल. हिवाळ्यात तीच मशीन उलटं काम करती, बाहेरची गरमी आत आनती. तवा बी असंच मोजा. नाय पटलं तर परत करू."

शनिवारी एका खोलीत नवी मशीन बसली आणि नानासाहेब खरोखर चार तास आत वही घेऊन बसले; मीटरचा आकडा जुन्या धुडाच्या निम्म्यावरच राहिला. चौथ्या तासाला त्यांना डुलकी लागली, हा मशिनीच्या शांततेचा पुरावा त्यांनी स्वतःच वहीत लिहिला.

देव मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दगडाबाईचा शुक्रवारचा उपास अजून सुटलेला नाही, आणि त्याला कुणाची हरकतही नाही. पण उद्या तुमच्या दारी कुणी गारवा विकायला आला, तर एवढंच विचारा, की बाबा रे, खोलीतली उष्णता गेली कुठं? आणि उत्तर मिळेपर्यंत खोलीतून उठू नका.