शिवण

“मान वर करू नकोस. चेंडू कुठं गेला ते लोक सांगतील तुला.”

वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी मैदानात पाऊल टाकताना लायल कोवांडाच्या कानात तेच शब्द आले. सतरा वर्षं तो अमेरिकन फुटबॉलवर जगला. काम एकच: लाथेनं चेंडू दोन खांबांमधून पार करायचा. आणि इतक्या वर्षांत आपला एकही चेंडू जाताना त्यानं पाहिला नव्हता. त्यानं फक्त लोकांचा आवाज ऐकला होता.

त्या रविवारी तीन सेकंद उरले होते आणि टीम दोन गुणांनी मागे होती; किक खांबांतून गेली की तीन गुण आणि सामना खिशात. कडेला उभं असताना त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. अशा किकच्या आधी किकरशी बोलायचं नाही, हा जुना रिवाज. चेंडू धरायला गुडघा टेकून बसलेल्या टेरेन्सनं मात्र तो कधीच पाळला नाही.

“आटप रे म्हाताऱ्या. गुडघा गोठला माझा.”

लायल हसला. पुढे वाकलेल्या साथीदारानं फेकलेला चेंडू मागे आला, जरा खालून. टेरेन्सनं तो कसाबसा सावरून टेकवला, पण दोऱ्यांची शिवण लायलच्या बाजूला राहिली. ती खांबांकडे हवी. पाय शिवणीवर बसला की चेंडू भरकटतो. लायलला ती दिसली, पण पाय निघाला होता. त्यानं मान खाली ठेवली. मग सत्तर हजार माणसांचा सुस्कारा कानी आला.

आत गेल्यावर टेरेन्सनं त्याचा दंड धरला.

“टीव्हीवर शिवण दिसत नाही, माझा हात आड आलाय. मी सांगतो पत्रकारांना.”

“काय सांगशील? लाथ मी मारली.”

“लायल, ते तुला काढतील.”

“एकोणचाळीसचा आहे मी. आज ना उद्या काढणारच. तुझं तर आत्ता कुठं सुरू झालंय. शिवणीचं कुणाजवळ काढायचं नाही. मीही काढणार नाही. शब्द दिला.”

मंगळवारी टीमचा फोन आला, त्याला काढलं होतं. बुधवारी सकाळी तो नेब्रास्कात आईच्या स्वयंपाकघरात बसला होता. आईनं, अ‍ॅग्नेसनं, त्याच्यापुढे गरम कोलाचांची, फळांचं सारण भरलेल्या गोड पावांची, बशी ठेवली, पण स्वतः बसली नाही.

“जर्दाळूचे आहेत. खा.” मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली, “लायल, चूक माझी आहे.”

“तुझी?”

“तू किकला उभा राहिलास की मी डोळे मिटून जपमाळ ओढते. लोक ओरडले की उघडायचे. सतरा वर्षं नेम मोडला नाही. रविवारी मोह झाला बघ. म्हटलं, ही शेवटची किक असली तर? एकदा पोराला बघावं तरी. आणि उघडले डोळे.” तिनं कोरडाच ओटा पुन्हा पुसला. “तुझं सगळं माझ्यामुळं गेलं.”

शिवणीचा शब्द लायलच्या ओठांवर आला. एका वाक्यात तिचं ओझं उतरलं असतं. त्यानं कोलाचाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि खूप वेळ चावत राहिला.

“म्हणजे तू एकही गेलेली पाहिली नाहीस?”

“तू तरी पाहिलीस?”

“बाबांपुढे काय बिशाद!”

ती हसली, पण डोळे भरूनच होते.

“आई, कोट घाल. शाळेच्या मैदानावर जाऊ. तू डोळे उघडे ठेवायचे. चेंडू खांबातून गेला, तर पुन्हा स्वतःला दोष द्यायचा नाही. कबूल?”

“आणि नाही गेला तर?”

“जाईपर्यंत मारीन. शब्द.”

तिनं जपमाळ खिळ्याला अडकवली. मग परत काढून कोटाच्या खिशात टाकली.

लायलनं गॅरेजमधून जुना चेंडू घेतला. रस्त्यावर बर्फ करकरत होतं. ती त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून येत होती.

“अरे, पण धरणार कोण?”

“तू.”

“मला मेलीला काय येतंय?”

“वर एक बोट ठेवायचं, बस. फक्त शिवण...” तो थांबला.

“शिवणीचं काय?”

“काही नाही. ती मी लावून देईन.”

चालता चालता त्यानं चेंडू हातात फिरवला, शिवण पुढे आणली, आणि मान वर करून खांबांकडे पाहिलं.