लोलकाची गाठ

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी घंटा. ओतणाऱ्याने साच्यातून काढून मला पहिला टोला दिला आणि म्हणाला, "गळा चांगला आहे हिचा." त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षे जगले.

मला कोंबड्यांच्या एका मोठ्या फार्मच्या फाटकावर टांगले. काम एकच. चौदा शेडपैकी कुठेही रोगाचा संशय आला, की पाहणाऱ्याने मला वाजवायचे. मग फाटक बंद. गाडी आत नाही, माणूस बाहेर नाही. चार नंबरच्या शेडवर एक मावशी होत्या. त्यांची धाकटी बहीण ओढ्यापलीकडे राहायची. दोनशे कोंबड्या हाच तिचा संसार. माझा आवाज ऐकला की तीही आपले दार लावून घ्यायची.

एका उन्हाळ्यात मावशींनी मला वेळेवर वाजवले. एक शेड गेली, तेरा वाचल्या. कंपनीचा शेअर त्या दिवशी घसरला खरा, पण महिनाभरात पुन्हा वर चढला. तेव्हापासून मावशी मला राखेने घासायच्या आणि गुणगुणायच्या, "बोल गं बाई बोल, तुझ्या बोलाला मोल."

मग कंपनीने कामगारांनाही शेअर दिले. कॅन्टीनच्या टीव्हीखाली भावांची पट्टी सरकू लागली आणि माणसे कोंबड्यांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघू लागली. मावशींच्या मुलीच्या पायाचे ऑपरेशन ठरले होते. शेअर विकूनच ते व्हायचे होते.

एका शुक्रवारी संध्याकाळी मावशी धावत आल्या. सात कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या, तुरे निळे पडलेले. त्यांनी माझी दोरी धरली.

"मावशी, थांबा!" सुपरवायझर आडवा आला. "बाजार बंद झालाय. आज बोंब झाली तर सगळं मातीमोल होईल. सोमवारी सकाळी विका, मग वाजवा हवी तेवढी."

"शनिवार-रविवार बाजाराला सुट्टी असते रे. रोगाला असते का?"

"पोरीला चालताना बघायचंय ना तुम्हाला?"

मावशींनी दोरीवरचा हात काढला. वाऱ्यानेही मी वाजू नये म्हणून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या लोलकाला घट्ट बांधला.

शनिवारी खाद्याची गाडी आमच्याकडे पोती उतरवून ओढ्यापलीकडे गेली. चाके कोणी धुतली नाहीत. रविवारी नऊ शेडमध्ये मरतूक सुरू झाली आणि बातमी फुटली. सोमवारी बाजार उघडला तेव्हा आमच्या शेअरला सगळे विकणारेच होते, घेणारा एकही नव्हता. खाद्याच्या कंपनीचा भावही कोसळला. चढला तो जंतुनाशक बनवणाऱ्या कंपनीचा. बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसे खड्डे खणत होती आणि रिकाम्या कॅन्टीनमध्ये पट्टी सरकतच होती.

आठवड्याने बहीण फाटकाशी आली.

"ताई, एक पिल्लूसुद्धा राहिलं नाही. गाडीवाल्याला दार उघडण्याआधी मी कान लावला होता गं. म्हटलं, घंटा गप्प आहे, म्हणजे ताईकडे सगळं ठीक आहे."

 मावशी माझी गाठ सोडू लागल्या. औषधाच्या फवाऱ्याने भिजून ती आवळली होती. सुटली नाही.

फार्मला कुलूप लागले. मावशींची मुलगी अजून भिंत धरूनच चालते, असे चौकीदार सांगतो. मी भंगाराच्या ढिगावर पडून आहे, रुमालासकट. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पुन्हा कुठे टांगलेच, तर घासूनपुसून चमकवू नका. आधी तेवढी गाठ कापा.